दर पाचवं झाड

जानेवारीचा दुसरा आठवडा लागला की सातपूरच्या आमच्या प्रयोगशाळेत द्राक्षांचे नमुने येऊ लागतात. आधी एखाद-दुसरी पेटी, मग टेबलं पुरत नाहीत. मी नमुने घेणाऱ्या मुलामुलींची प्रमुख आहे. कोणत्या बागेत कोण जाणार, कोणती पिशवी, कोणतं लेबल, परत किती वाजता, हे सगळं माझ्या वहीत आदल्या दिवशीच लिहिलेलं असतं. यंदा नव्याने लागलेल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, तुमच्या यादीत पहिली ओळ नेहमी तीच का असते? 'बागेत कुठून शिरणार ते आधी ठरवा.' कुठूनही शिरलं तरी बाग तीच ना?"

मी तिला नियम सांगितला. कारण सांगायला वेळ नव्हता. दुपारी डबा उघडला, सोबतीला नमुन्यातून उरलेला एक घड होता. त्याचा पहिला मणी दाताखाली फुटला आणि मी थेट मखमलाबादच्या मांडवाखाली जाऊन उभी राहिले.

नव्वदच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं. मी प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. माझ्या मार्गदर्शक बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि विभागाने मला गणिताच्या दाणी सरांच्या गळ्यात बांधलं. सर आमच्या विभागात चहाला यायचे, एवढाच त्यांचा प्राणिशास्त्राशी संबंध. पण जिवंत गोष्टींचं त्यांना वेड होतं. झेब्र्याला पट्टे कसे येतात? सगळ्या पेशी सारख्याच असताना एक बोट अंगठा का होतं आणि दुसरं करंगळी का? वारूळ बांधताना आराखडा कोणाकडे असतो? त्यांचं म्हणणं होतं की आराखडा कोणाकडेच नसतो. प्रत्येक वाळवीला एखाददुसरा साधा नियम पुरतो: जिथे ओल्या मातीचा वास येतो, तिथे आपली गोळी ठेव. त्यातून वारूळ उभं राहतं.

सर पंचवटीत राहायचे, भाजीबाजाराच्या तोंडाशी, वरच्या मजल्यावर. त्यांच्या गॅलरीतून खालचा चौक दिसायचा. हातगाड्या, रिक्षा, सायकली, गोण्या घेतलेले हमाल, मधोमध बसलेली गाय. "बघ," सर म्हणायचे, "पोलीस नाही, सिग्नल नाही. तरी दिवसभरात कोणी कोणावर आपटत नाही. याला म्हणायचं जिवंत व्यवस्था."

"सर, आत्ता तो टोमॅटोवाला आपटला."

"एखादा आपटणारच. त्याशिवाय बाकीचे शिकणार कसे?"

माझा स्वभाव तेव्हाही हाच होता. बेडूक चिरायचा असला तरी आधी मी अवयवांची यादी करायचे. सर मला 'यादीबाई' म्हणायचे. "यादीबाई, तुझ्या यादीत बेडकाचं हृदय आहे, यकृत आहे, जीभ आहे. पण बेडूक कुठे आहे?" उत्तर न येणारे प्रश्न मला आवडायचे नाहीत. मी पुढच्या पानावर दुसरी यादी सुरू करायचे.

प्रकल्पाचा विषय सरांनीच काढला. द्राक्षाच्या वेलीवर पांढरा, पिठासारखा किडा पडतो. शेतकरी त्याला मिलीबग म्हणतात. तो खोडाच्या सालीखाली लपतो, मग ओलांड्यावर, म्हणजे मांडवावर पसरलेल्या जाड फांद्यांवर चढतो आणि शेवटी घडात घुसतो. घड चिकट होतो, काळा पडतो. हा किडा एका वेलीवरून दुसरीवर कसा पसरतो, याचा साधा नियम शोधायचा. प्रत्येक वेल म्हणजे आलेखाच्या कागदावरचा एक चौकोन. शेजारचा चौकोन आजारी असेल तर हा किती दिवसांत आजारी पडेल, एवढंच विचारायचं आणि मग कागदावर अख्खी बाग चालवून बघायची. कॉलेजात संगणक एकच होता. त्याच्या खोलीत चप्पल काढून जावं लागायचं आणि किल्ली बहुधा सापडायची नाही. म्हणून आम्ही चौकोनांवर चिंचोके मांडून बाग चालवायचो.

बाग नानांची होती. नाना म्हणजे सरांच्या ओळखीचे मखमलाबादचे शेतकरी, मिशा पांढऱ्या, बोलणं तिरकस. त्यांनी आधीच बजावलं होतं. "मॅडम, मोजा, लिहा, काय करायचं ते करा. पण यंदा हा प्लॉट पहिल्यांदा निर्यातीला धरलाय. एक घड चिकट निघाला तर तपासणारा अख्खा प्लॉट नाकारतो. पोरांनी म्हणायला नको, म्हाताऱ्यानं मास्तरांच्या नादी लागून बाग घालवली."

मी वहीत लिहिलं: 'प्लॉट निर्यातीचा. काळजी घेणे.' आणि त्याखाली रेघ मारली. रेघ मारली की काळजी घेऊन झाली, असं मला त्या वयात वाटत असे.

कामाची पद्धत मी बसवली. रोज सकाळी साडेसातला सातपूरहून मोपेडवर निघायचं. फाटकाशी पेरूचं झाड होतं. त्याच्या शेजारच्या पहिल्या वेलीवर किडा होता, म्हणून तीच एक नंबर. तिला बघून, तिच्यापासून मोजत दर पाचव्या झाडाशी थांबायचं: पाच, दहा, पंधरा. साल थोडी उचलून बघायची, हात वर करून ओलांडा चाचपायचा, नोंद करायची, पुढे जायचं. ओळीत बत्तीस झाडं. ओळ संपली की वळून दुसऱ्या ओळीतून परत, मोजणी न तोडता. नागमोडी. असं सगळं शिस्तीत.

बागेत तेव्हा विरळणीचं काम चालू होतं. घडातले दाट मणी कात्रीने काढून उरलेल्यांना फुगायला जागा करून द्यायची. सुरगाण्याकडच्या दहा-बारा बाया दरवर्षी त्यासाठी येऊन राहायच्या. हिराबाई त्यांची म्होरकी. वय माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठं, पण आवाज बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा. तिची चार वर्षांची सोनी दिवसभर मांडवाखाली मातीची भाकरी थापत बसायची.

पहिल्याच दिवशी हिराबाईने मला हटकलं. "ताई, पेरूकडून नका सुरू करू."

"का?"

"तिथं किडा हाय ना. आजारी माणसाकडून उठून कुणी बाळंतिणीकडं जातं का? आम्ही तिकडलं काम शेवटाला करतो. मग बांधावर जाऊन पदर झाडतो, हात धुतो आणि घरी."

मी समजुतीच्या सुरात म्हटलं, "हिराबाई, पण एक नंबर तिकडे आहे ना!"

"एक नंबर तुमीच दिला ना त्याला?" एवढं बोलून ती कात्री घेऊन घडांकडे वळली.

त्या महिन्यातल्या सकाळी अजून डोळ्यांसमोर येतात. मांडवाखालचा हिरवा उजेड, पानांवरून मानेवर पडणारं दंव, बायांच्या कात्र्यांची कचकच. आईने विणलेला मोहरीच्या रंगाचा जाड लोकरी स्वेटर मी घालायचे. हात वर केला की त्याची बाही ओलांड्याला घासायची. दुपारी नानांकडे बाजरीची भाकरी आणि कांद्याची पात. संध्याकाळी सर यायचे, आणि त्याच वेळी भोरड्यांचे थवे. शेकडो पाखरं आभाळात चादर झटकावी तशी एकदम वळायची. नाना डबा बडवत ओरडायचे, कारण भोरडी द्राक्षं खाते. सर मात्र तोंड उघडं टाकून बघत राहायचे.

"नाना, यांच्यात पुढारी कोण असेल?"

"मास्तर, पुढारी असता तर आतापर्यंत चार थवे झाले असते."

"अगदी बरोबर! पुढारी नाहीच. प्रत्येकाचं लक्ष शेजारच्या सात-आठ जणांवर. फार जवळ जायचं नाही, फार लांब राहायचं नाही, ते वळले की वळायचं. झालं!"

"आमच्या भाऊबंदकीला शिकवा की हे," असं म्हणत नाना पुन्हा डबा बडवायचे.

बाया माझ्या पाठीमागे हसायच्या, हेही आठवतं. मी चालू लागले की कुठून तरी बारीक आवाजात काहीतरी सुरू व्हायचं आणि मी थांबले की हशा पिकायचा. मला वाटायचं स्वेटरला हसतात. रंग जरा भडक होताच.

तीन-साडेतीन आठवड्यांनी सर म्हणाले, पाचव्या-पाचव्या झाडाने कागद भरत नाही, एकदा सगळी झाडं बघून टाकू. दोन दिवस आम्ही दोघं एकेक वेल बघत फिरलो. मी ओळ आणि झाड यांचे आकडे सांगायचे आणि सर आलेखावर पेन्सिलने ठिपका द्यायचे. दुसऱ्या दिवशी उन्हं उतरताना कागद पुरा झाला आणि सर मटकन बांधावर बसले.

ठिपके विखुरलेले नव्हते. त्यांची नक्षी होती. पहिल्या दोन ओळींत ठिपक्याखाली ठिपका, मग पुढे ते सरकत सरकत तिरपे जात होते, एकमेकांकडे येऊन पुन्हा लांब होत होते, जणू सतरंजीची वीण. आणि एक नंबर सोडला तर प्रत्येक ओळीत दोन ठिपक्यांच्या मध्ये बरोबर चार चांगली झाडं. फाटकाकडे नक्षी ठसठशीत होती, लांब जाईल तशी विरत गेलेली.

"यादीबाई," सर ओरडले, "हे बिबट्याचे ठिपके आहेत! हे झेब्र्याचे पट्टे आहेत! कोणी सांगितलं नाही, कोणी आखलं नाही, तरी बागेने आपली आपण नक्षी काढली. पण पाच का? पाचच का?"

पुढचे चार दिवस आम्ही 'पाच का' यावर काढले. मी कारणांची यादी केली: मुळांचा पसारा, मुंग्यांची धाव, मांडवाच्या खांबांमधलं अंतर. मुंग्या या किड्याचा गोड चिकटा चाटतात आणि त्याची राखण करतात, म्हणून मी मुंग्यांच्या रांगा टेपने मोजल्या. सरांनी तीन पानांचं समीकरण लिहिलं आणि त्यातून ओढूनताणून पावणेपाच काढून दाखवलं. रोज सकाळी तोंडाने 'एक, दोन, तीन, चार, पाच' म्हणत चालणारी मी, मला एकदाही काही सुचलं नाही. आज कोणाचा विश्वास बसणार नाही, पण आम्हा दोघांच्या डोक्यात बाग एकीकडे होती आणि मोजणी दुसरीकडे. मोजणारी बाई त्याच मातीवर, तेच पाय टेकवत चालते, हे कोणत्याच रकान्यात नव्हतं.

पाचव्या दिवशी नाना मोटार दुरुस्त करायला विहिरीवर गेले होते. सरांनी त्यांच्या अंगणात खाटेवर कागद पसरला होता. हिराबाई पाणी प्यायला आली. ओला हात पाठीमागे धरून वाकून बघू लागली.

"मास्तर, ही कसली रांगोळी?"

सरांना श्रोता मिळाला की ते कोणालाही सोडत नसत. "ही तुमची बाग. हे फाटक. एक ठिपका म्हणजे किड्याचं एक झाड."

हिराबाईने फाटकावर बोट ठेवलं. मग ते बोट हळूहळू पहिल्या ओळीतून सरकलं, ठिपक्याशी थांबलं, पुढे सरकलं, पुन्हा थांबलं. ओळीच्या टोकाला पोचल्यावर ते वळलं आणि दुसऱ्या ओळीतून परत आलं. बोटाबरोबर तिचे ओठ हलत होते. तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला तिला इतकं हसू फुटलं की ती खाटेची कड धरून खालीच बसली.

"अगं, झालं काय?" मी विचारलं.

"ताई, ही तर तुमची वाट हाय!" तिने अंगणाबाहेर हाक मारली, "ए बायांनो, या गं! ताईंनी कसं चालायचं ते दाखवा!"

चार-पाच जणी आल्या. एकीने कमरेवर हात ठेवला, नाक वर केलं आणि माझ्यासारखी ताठ चालू लागली. बाकीच्या एका सुरात म्हणू लागल्या, "एक, दोन, तीन, चार, टेक!" 'टेक'ला ती थांबली, हात वर करून हवेतला ओलांडा चाचपला, हवेतच काहीतरी खरडलं आणि पुढे निघाली. महिनाभर माझ्या पाठीमागे चालणारा खेळ हा होता. ताई कुठे थांबणार, हे आधी ओळखायचं.

"लय अवघड नव्हता," एकजण म्हणाली. "कधी चुकल्याच नाय तुम्ही."

सर कागदाकडे बघत होते, मग माझ्या बाहीकडे. मीही बघितलं. मोहरीच्या लोकरीत, मनगटाशी, पिठाचे बारीक कण अडकले होते. त्यातला एक चालत होता.

एक नंबरच्या आजारी झाडाशी मी रोज सकाळी बाही भरून घेत होते आणि दर पाचव्या झाडाला शिस्तीत वाटत होते.

प्रकल्पाचं काय होईल, हे मनात आलंच नाही. निर्यातीचा तपासनीस आठवड्यावर आला होता आणि नानांच्या निरोगी ओळींमध्ये किडा मी नेऊन सोडला होता. नानांना हे सांगायचं होतं, आणि मलाच. विहिरीपर्यंत जाताना मी मनातल्या मनात चार मुद्दे केले: काय झालं, कसं झालं, माझी चूक कोणती, उपाय काय. नानांसमोर उभी राहिले आणि एकच मुद्दा बाहेर पडला. "नाना, किडा मी पसरवला."

नानांनी पाना खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं. मिशी दोनदा चोळली. मग म्हणाले, "कुठं कुठं थांबला होता, ते सांगता येईल?"

"प्रत्येक झाड. लिहिलेलं आहे."

"एकूण एक?"

"एकूण एक. तारखेसकट."

"मग रडता काय? आणा ती रांगोळी."

माझ्या शिस्तीचा पहिला खरा उपयोग त्या दिवशी झाला. कोणी बेशिस्त माणूस बागेत भटकला असता तर किडा कुठे कुठे गेला हे शोधायला अख्खा प्लॉट सोलावा लागला असता. माझा किडा मात्र नेमाने चालणारा होता. दुसऱ्या सकाळपासून कागद घेऊन आम्ही ठिपक्यामागून ठिपका निघालो. या वेळी सुरुवात लांबच्या टोकाकडून आणि पेरू शेवटी, हिराबाईच्या रिवाजाने. प्रत्येक ठिपक्याची सुटी साल काढली, ओलांडे औषधाच्या पाण्यात बुडवलेल्या फडक्याने पुसले, मुंग्या चढू नयेत म्हणून खोडाला ग्रीसचा पट्टा मारला. त्या झाडांचे सगळे घड उतरवून खड्ड्यात पुरले. घड कापताना नानांची कात्री क्षणभर थांबायची, मग चालायची. एकेका झाडाचं काम झालं की हिराबाई चुलीतल्या कोळशाने त्या ठिपक्यावर फुली मारायची. मला हातच लावू देत नव्हती. "तुम्ही कागद धरा ताई. झाडाला शिवू नका."

स्वेटर नानांच्या बायकोने, काकूंनी, तांब्याच्या हंड्यात घालून उकळला. वाळल्यावर तो माझ्या कोपरापर्यंतसुद्धा चढेना. हिराबाईने तो उचलला, सोनीच्या डोक्यातून खाली ओढला, आणि बरोबर बसला.

तपासनीस आला त्या दिवशी मी काकूंची शाल पांघरून फाटकाबाहेर उभी होते. तरुण माणूस, हातात लिहायची पाटी, खिशाला दोन पेनं. बागेत शिरला, चालू लागला, थांबला, एक घड उलटा करून पाहिला, पुन्हा निघाला. मांडवाखालून लगेच कुजबुज सुरू झाली. तोही मोजून थांबत होता. बायांनी पहिल्या ओळीतच त्याचा आकडा पकडला, सात. "पाच, सहा, टेक." घड स्वच्छ. "पाच, सहा, टेक." स्वच्छ. सर डोळे मिटून उभे होते. नाना आभाळाकडे बघत होते, जणू भोरड्यांची वेळ झाली होती. दुसऱ्या ओळीत तो 'टेक'ला थांबला तो नेमका फुलीच्या झाडाशी. वर एकही घड नाही. त्याने खोडावरचा ग्रीसचा पट्टा पाहिला, साल सोललेली पाहिली.

"इथले घड कुठे गेले?"

कुजबुज थांबली. नानांनी घसा साफ केला आणि फाटकाकडे बोट दाखवलं. "त्या मॅडमच्या स्वेटरनं खाल्ले."

मग त्याला सगळं खरं खरं सांगावं लागलं. आलेखाचा कागद आणला, फुल्या दाखवल्या. त्याने पाटी बाजूला ठेवली आणि फुलीच्या झाडांच्या शेजारचं एकेक झाड, या वेळी न मोजता, स्वतः तपासलं. दोन तास लागले. शेवटी त्याने खिशातलं दुसरं पेन काढलं, मंजुरीच्या कागदावर सही केली, आणि जाताना मला विचारलं, "मॅडम, हा आलेख देता का? आमच्याकडे इतकं कोणी लिहून ठेवत नाही." मी दिला नाही. तो माझ्याकडे अजून आहे, कोळशाच्या फुल्यांसकट.

सरांनी समीकरणाची तीन पानं फाडली नाहीत. म्हणाले, "राहू दे. पावणेपाच चुकलं नव्हतं फार." प्रबंधाच्या तक्त्यात तापमान, दंव, मुंग्या यांच्या खाली मी एक रकाना वाढवला. त्याचं नाव 'निरीक्षक'. तोंडी परीक्षेला त्याच रकान्यावर अर्धा तास गेला आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मजेचा अर्धा तास होता.

द्राक्षं उतरली, पेट्या भरल्या, ट्रक फाटकातून बाहेर पडला. नाना ट्रकच्या मागे रस्त्यापर्यंत चालत गेले आणि धूळ खाली बसेपर्यंत तिथेच थांबले. आम्ही बांधावर चहा पीत बसलो होतो. रिकाम्या मांडवाखाली सोनी मोहरीचा स्वेटर घालून पळत होती. एका ओळीतून शिरायची, मधूनच दुसरीत घुसायची, फुलपाखराच्या मागे परत यायची, कारण नसताना बसायची, पुन्हा उठून भलतीकडेच.

"यादीबाई," सर म्हणाले, "हिचं गणित मांड बघू."

मी वही उघडली. बाया कात्र्या पुसता पुसता एका सुरात म्हणू लागल्या, सरही त्यांच्यात मिसळले, एक, दोन, तीन, चार...

पाच म्हणायच्या आत ती वळली.